पथकाची दुसरी मोडतोड : लाल बावटा कलापथक आणि आपली समीक्षा

शाहिरी आणि रॉक संगीत ही दोन नावे एका वाक्यात आली की मराठी वाचक जरा बिचकतो. एकीकडे डफ, तुणतुणे आणि ढोलकी. दुसरीकडे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. एक आपल्या मातीतले, दुसरे बाहेरून आलेले, अशी आपली समजूत असते. पण गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चिलीत १९७३ साली, अर्जेंटिनात १९७६ साली, तुर्कस्तानात १९८० साली लष्कराने सत्ता हातात घेतली, तेव्हा तिथल्या सेनापतींनी ज्यांचा धसका घेतला त्यांत गाणारे संच होते. संपादकाला दटावता येते, पुढाऱ्याला तुरुंगात टाकता येते. पण चारपाच जण मिळून गातात आणि ऐकणारे हजारो लोक ते गाणे घरी घेऊन जातात, त्याचे काय करायचे हे हुकूमशहाला उमगत नाही.

महाराष्ट्राने लष्करी राजवट पाहिलेली नाही. आणीबाणीचे एकवीस महिने सोडले तर आपला सगळा अनुभव निवडून आलेल्या सरकारांचा आहे. तरीही सरकारने ज्याच्यावर बंदी घातली आणि लोकांनी ज्याला डोक्यावर घेतले असा एक संच मराठीत होऊन गेला. त्याचे नाव लाल बावटा कलापथक. शाहीर अमर शेख, शाहीर अण्णाभाऊ साठे आणि शाहीर द. ना. गवाणकर ही त्यातली तीन प्रमुख नावे. या तिघांवर, त्यातल्या त्यात पहिल्या दोघांवर, आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पथकावर मात्र पथक म्हणून फारच थोडे लिहिले गेले.

या लेखातले म्हणणे थोडक्यात असे की हे पथक दोनदा मोडले. पहिल्यांदा ते सरकारच्या बंदीने मोडले आणि पुन्हा उभेही राहिले. दुसऱ्यांदा ते आपल्या समीक्षेने मोडले. अण्णाभाऊ दलित साहित्याच्या खात्यावर गेले, अमर शेख मुस्लिम मराठी साहित्याच्या खात्यावर आले, आणि गवाणकर कुठल्याच खात्यात न बसल्यामुळे बाजूला राहिले. या दुसऱ्या मोडतोडीत आपला, म्हणजे या पानांवर लिहिणाऱ्यांचा आणि वाचणाऱ्यांचाही, हात आहे. म्हणून हा विषय इथेच मांडणे भाग आहे.

पथक उभे राहिले १९४४ च्या सुमारास, मुंबईत. तिघांच्या वाटा निरनिराळ्या होत्या. अमर शेख म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे महबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. आई मुनेरबी जात्यावर ओव्या म्हणायची. मराठी लय कानात पडली ती तिथे. पुढे मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत कामगार म्हणून राबले. गिरणीच्या संपात तुरुंग घडला आणि तुरुंगातल्या संगतीत साम्यवादाची ओळख झाली. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. मातंग कुटुंब, शाळेशी संबंध नावापुरता, आणि गावाकडून मुंबईपर्यंतची वाट पायी तुडवलेली. गवाणकर हे स्वतः रचना करणारे आणि संच बांधणारे शाहीर. धर्म, जात, जिल्हा या कशाच्याही आधारे ही माणसे एकत्र येण्याचे कारण नव्हते. त्यांना एकत्र आणले ते गिरणगावाने, लाल बावट्याच्या चळवळीने आणि एका जुन्या लोककलेने.

त्या लोककलेचे या संचाने काय केले, हे नीट पाहिले पाहिजे. तमाशाचा साचा ठरलेला असतो : आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि वग. अण्णाभाऊंनी गवळण काढून टाकली. गणातले गणेशवंदन जाऊन तिथे मायभूमी, कष्टकरी आणि हुतात्मे यांना वंदन आले. या बदलाची कारणे सांगताना आपल्यातले काही जण म्हणतात की संचात मुसलमान शाहीर असल्यामुळे गण बदलला. हे खरे मानण्याचे कारण नाही. पेशवाईतले सगनभाऊ मुसलमान होते आणि तमाशाच्या परंपरेत मानाने वावरले. त्याच्याही आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहून गेले होते. मुसलमान कलावंताला परंपरेतला गण कधी आडवा आला नव्हता. गण बदलला तो समोरचा प्रेक्षक बदलला म्हणून. गावच्या जत्रेतला प्रेक्षक एका देवाच्या नावाने जमलेला असतो. लालबाग-परळच्या मैदानातला प्रेक्षक एकाच पाळीवरून सुटून आलेला असतो. ज्याच्यामुळे माणसे जमली त्याला वंदन करायचे, हा गणाचा मूळ नियम शाहिरांनी मोडला नाही, उलट पाळला.

त्याच काळात पथकासाठी एकामागून एक रचना होत होत्या. अण्णाभाऊंचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा' आला, दुष्काळाने उपाशी मेलेल्या बंगालसाठी 'बंगालची हाक' आली, 'अकलेची गोष्ट' आणि 'शेटजींचे इलेक्शन' ही वगनाट्ये आली. १९४७ साली फाळणीच्या आगीत उत्तर हिंदुस्थान जळत असताना 'पंजाब-दिल्लीचा दंगा' हा पोवाडा आला. हे वर्ष आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. त्या वर्षी कुठल्याही शहरात मुसलमान माणसाने गर्दीसमोर एकटे उभे राहणे सोपे नव्हते. बार्शीचा महबूब पटेल त्या वर्षी कामगारवस्तीत डफ घेऊन उभा होता तो एकटा नव्हता, पथकात होता. दंग्यावरचा पोवाडा मातंग घरातला शाहीर लिहितो आणि त्याच संचात मुसलमान शाहीर गातो, ही गोष्ट पोवाड्यातल्या कुठल्याही उपदेशापेक्षा अधिक बोलकी होती. संचाची रचना हाच त्या कार्यक्रमाचा आशय होता.

स्वातंत्र्य आले आणि बंदीही आली. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते, गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. १९४८ साली कम्युनिस्ट पक्षाने लढाऊ धोरण घेतले, धरपकड सुरू झाली, आणि पथकाचे कार्यक्रमही बंदीच्या तडाख्यात सापडले. त्याच सुमारास तमाशा या कलेवरच सरकारची वक्रदृष्टी होती. अश्लीलतेचे कारण देऊन आधी मनाई झाली, मग संहिता तपासून घेण्याची अट आली. सरकारपाशी हत्यारांची वाण नव्हती. इंग्रजांनी १८७६ साली नाटकांवर अंकुश ठेवण्यासाठी केलेला नाट्यप्रयोग कायदा स्वतंत्र भारताने तसाच ठेवून घेतला होता. तो रद्द झाला २०१८ साली. म्हणजे ज्या कायद्याखाली राणीचे सरकार नाटके बंद करत असे, तो स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे कायद्याच्या पुस्तकात राहिला.

बंदीला अण्णाभाऊंनी दिलेले उत्तर सर्वांना ठाऊक आहे. तमाशाला मनाई आहे ना, मग याला तमाशा म्हणू नका, लोकनाट्य म्हणा. हा शब्द आज इतका रुळला आहे की तो पोलिसांना चुकवण्यासाठी कामाला लावला गेला होता, याचा विसर पडतो. पुढे हाच शब्द मध्यमवर्गीय रंगभूमीने उचलला, त्याला प्रतिष्ठा मिळाली, सरकारी महोत्सवांतही तो जाऊन बसला. बंदीने एक वाट अडवली आणि मराठीला एक वाङ्मयप्रकार मिळाला, असे म्हणायचा मोह होतो. पण हे गोड चित्र पुरे नाही. भूमिगत राहणे, वॉरंट चुकवणे, कार्यक्रम ठरायचा आणि ऐनवेळी रद्द व्हायचा, यात संचाची जी झीज होते ती कुठल्याही वाङ्मयप्रकाराने भरून निघत नाही. शब्द टिकला, पथकाची सलग, रोजची जी तालीम असते ती तुटली.

इथे तुर्कस्तानची आठवण करायला हवी. तिथली गोष्ट आपल्या गोष्टीशी अनेक जागी जुळते, आणि जिथे जुळत नाही तिथेही शिकण्यासारखे आहे.

अनातोलियाच्या खेड्यापाड्यांत साझ नावाचे तंतुवाद्य घेऊन गात फिरणाऱ्या लोककवीला 'आशिक' म्हणतात. हा शब्द आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. शाहीर हा शब्दही अरबी 'शायर' वरूनच आलेला. अरबीतून निघालेले दोन शब्द, एक तुर्की खेड्यात पोचला, एक मराठी खेड्यात, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ झाला लोकांसमोर उभा राहून गाणारा कवी. १९६० नंतर इस्तंबूलच्या तरुणांनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन या आशिकांची गाणी गायला सुरुवात केली. त्याला अनातोलियन रॉक म्हणतात. त्यातला सर्वांत दणकट आवाज जेम काराजा याचा. जन्म १९४५ चा, वडील अझरबैजानी वंशाचे, आई आर्मेनियन, दोघेही रंगभूमीवरचे. १९६७ साली आपाशलार या संचाबरोबर त्याने एका स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला तो एमराह या जुन्या लोककवीचे काव्य गाऊन. पुढे कार्दाशलार म्हणजे भाऊबंद, मग मोगोलार म्हणजे मंगोल, मग देर्विशान म्हणजे दरवेशी, आणि शेवटी एदिरदाहान. बारा वर्षांत पाच संच. मोगोलारमध्ये जाहित बेर्काय होता, खेड्यातली बाग्लामा तो रॉकच्या मंचावर वाजवत असे. आपल्याकडे तुणतुण्याला जो मान सभ्य घरात मिळतो, तेवढाच या वाद्याला इस्तंबूलच्या उच्चभ्रू घरांत मिळत होता.

सरकारी नभोवाणी तिथेही गाणी तपासून घेत असे आणि नाकारत असे. १ मे १९७७ रोजी इस्तंबूलच्या ताक्सिम चौकात कामगार दिनाच्या सभेवर गोळीबार झाला, तीसहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी काराजा आणि देर्विशान यांची मे दिनाच्या गाण्याची तबकडी निघाली. ते गाणे मूळ एका नाटकासाठी सार्पेर ओझ्सान याने रचलेले. नाटकातून मोर्चात, मोर्चातून तबकडीत असा त्याचा प्रवास. आपल्या वगातल्या गाण्यांचाही प्रवास असाच होई, फक्त तबकडी आपल्या वाट्याला क्वचित आली. १९७९ साली काराजा जर्मनीला गेला. १२ सप्टेंबर १९८० रोजी जनरल केनान एव्हरेन यांच्या लष्कराने सत्ता घेतली. त्याच वर्षी त्याचे वडील वारले, त्याला मातीला येता आले नाही. परत येऊन खटल्यांना सामोरे जाण्याचा हुकूम निघाला; तो आला नाही, तेव्हा १९८३ साली त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. सेल्दा बाग्जान ही गायिका देशातच राहिली, तिने १९८१ ते १९८४ या काळात तीनदा तुरुंग पाहिला. काराजा १९८७ साली परतला, पंतप्रधान ओझाल यांच्या मध्यस्थीने. परतल्यावर जुन्या सोबत्यांपैकी अनेकांनी त्याला तडजोडवादी ठरवले. २००४ साली तो वारला.

आता फरक पाहू. लष्करशहा गाणाऱ्याला शत्रू मानतो तेव्हा तसे उघड सांगतो. हुकूमनामा निघतो, नाव छापून येते, पारपत्र जप्त होते. त्यामुळे पुढच्या पिढीला इतिहास लिहिताना कागद सापडतो. निवडून आलेल्या सरकारची तऱ्हा वेगळी. ते कुणाला शत्रू म्हणत नाही. ते परवाना मागते. संहिता आणून द्या, मैदानाची परवानगी आणा, अमुक ओळी गाळा, सध्या वातावरण बरोबर नाही, पुढच्या महिन्यात या. मुंबई राज्याने १९५४ साली रंगभूमीसाठी परिनिरीक्षण मंडळच नेमले. अशा व्यवस्थेत बंदी ही घटना राहत नाही, ती नित्याची कामकाजाची बाब होते, आणि म्हणून तिचा इतिहास लिहायचे कुणाला सुचत नाही. मोरारजींनी पथकावर बंदी घातली, एवढे एक वाक्य प्रत्येक लेखात येते. त्या वाक्यामागे किती गावांत किती रात्री रिकाम्या गेल्या, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

ही फक्त गतकाळची बाब नाही. २००२ साली पुण्यात सुरू झालेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांवर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई झाली. २ एप्रिल २०१३ रोजी दोघे मुंबईत विधान भवनासमोर येऊन स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले, आणि २०२० साली मंचाशी संबंधित आणखी तिघांना अटक झाली. त्या खटल्यांच्या गुणदोषांत शिरण्याचे हे ठिकाण नाही. एवढेच नोंदवायचे आहे की या प्रकरणांत नजर एकेका गाण्यापेक्षा पथकावर अधिक राहिली. एकट्या कवीला राज्यव्यवस्था सहन करते, प्रसंगी पुरस्कारही देते. तिला खुपतो तो संच.

इथवर सरकारची बाजू झाली. पण समीक्षेने गाण्यांकडेही पाहिले पाहिजे. छळ झाला म्हणून गाणे चांगले ठरत नाही. लाल बावटा पथकाच्या पुष्कळ रचना आज वाचवत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. बर्लिन, स्टालिनग्राड, चीन यांवरचे पोवाडे त्या काळातल्या बातमीपत्रासारखे आहेत. पक्षाचे धोरण जिथे पुढे आणि माणूस मागे, तिथे डफाचा आवाज मोठा येतो आणि शब्द पोकळ होतात. अमर शेखांच्या 'अमरगीत' मध्येही अशा जागा आहेत. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. ही पदवी गौरवाची असली तरी मायकोव्हस्कीचे दोषही तिच्याबरोबर येतात. 'कलश' आणि 'धरतीमाता' या संग्रहांपर्यंत येताना त्यांची कविता माती, आई आणि श्रम यांच्याजवळ येते, आणि तिथे ती अधिक खरी होते.

टिकले काय? अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड टिकली. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा, गावाकडे राहिलेली बायको, आणि त्या ताटातुटीतच मिसळलेली दुसरी ताटातूट : बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव महाराष्ट्राबाहेर राहिल्याची. प्रचाराचा मुद्दा बायकोच्या आठवणीत असा विरघळला आहे की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. संयुक्त महाराष्ट्राचे कित्येक पोवाडे विस्मरणात गेले, ही छक्कड अजून गायली जाते, कारण गाव सोडून कामाला जाणे थांबलेले नाही.

काराजाचे मे दिनाचे गाणे मोर्च्यात गायले जाते. पण त्याचे मनात घर करणारे गाणे म्हणजे १९७५ सालचे 'तामिरजी चिराई', गॅरेजमधल्या उमेदवार पोराचे गाणे. गाडी दुरुस्तीला आलेल्या श्रीमंत मुलीवर हा पोरगा जीव लावून बसतो. कादंबरीत वाचलेल्या प्रेमासारखे काहीतरी घडेल या आशेने तिच्या वाटेकडे डोळे लावतो. ती येते, त्याच्याकडे तुच्छतेने पाहते, गाडीत बसून निघून जाते. मग उस्ताद त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि त्याला पुन्हा कामाचे कपडे चढवायला सांगतो. या गाण्यात घोषणा नाही असे नाही, पण ती उस्तादाच्या तोंडी, त्या पोराच्या डोळ्यांत पाणी असताना येते. बार्शीत मोटारीवर क्लीनर असलेल्या महबूब पटेलला हे गाणे भाषांतर न करता कळले असते.

मी राहतो त्या रावेतच्या आसपास हे गाणे ऐकवायला श्रोता शोधावा लागणार नाही. पवनेच्या काठी, जिथे काल शेते होती तिथे आज मनोरे उभे आहेत. पलीकडे आकुर्डी, निगडी, भोसरी, आणि पुढे चाकणपर्यंत गाड्यांचे आणि गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने. बार्शी, धाराशिव, लातूर, बीड इथून आलेली पोरे इथे कंत्राटी कामावर आहेत; त्यांत आपली पोरेही आहेत. टर्नर, फिटर, वेल्डर, गॅरेजमधले छोटू. गावाकडे मैना आहेच. फरक एवढाच की गिरणगावात एका भोंग्याला हजारो माणसे एकदम रस्त्यावर येत आणि तिथेच मैदानात थांबत. आता कंपनीच्या बसेस पाळी सुटल्यावर माणसांना निरनिराळ्या दिशांना घेऊन जातात, आणि प्रत्येकाच्या कानात त्याचे त्याचे गाणे असते. १ ऑगस्टला पिंपरी-चिंचवडमध्ये अण्णाभाऊंची जयंती जोरात होते, पण त्या मांडवात अमर शेखांचे नाव फारसे कानी पडत नाही, आणि आपल्या वस्तीतल्या कार्यक्रमात अण्णाभाऊंचे. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या दोन पोरांपाशी एकाच पथकाचा एकेक तुकडा आहे.

हीच ती दुसरी मोडतोड. दोघे शाहीर वारले ते एकाच पावसाळ्यात. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी, अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळच्या मोटार अपघातात. दोन मृत्यूंत बेचाळीस दिवसांचे अंतर. त्यानंतर तीनच वर्षांत दलित पँथर आली, दलित साहित्याची चळवळ जोमात आली, आणि 'फकिरा' लिहिणारे, १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात बोललेले अण्णाभाऊ तिचे पूर्वसूरी ठरले. ते योग्यच होते. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि सोलापूर जिल्ह्याचेच अमर शेख आपले पूर्वसूरी ठरले. तेही चूक नव्हते. ज्यांची दखल प्रस्थापित समीक्षेने घेतली नाही त्यांनी आपापली माणसे शोधून काढणे गरजेचेच होते. पण शोधताना आपण माणसे उचलली, संच तिथेच टाकला. आज अण्णाभाऊंच्या नावाने मोठे ग्रंथ आहेत, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा अर्धपुतळा बसला. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख अध्यासन आहे. गवाणकरांसाठी काय आहे? त्यांच्या मागे उभा राहणारा समाजगट नाही, म्हणून त्यांची जयंती नाही. जे पथक जात आणि धर्म ओलांडून उभे राहिले त्याच्या वारशाची वाटणी आपण जात आणि धर्म पाहून केली.

आपल्या बाबतीत एक गोष्ट अधिक स्पष्टपणे बोलली पाहिजे. अमर शेखांचा उपयोग आपण बहुतेक वेळा दाखला म्हणून करतो. मुसलमान मराठी असतो काय, असे कुणी विचारले की आपण अमर शेखांचे नाव पुढे करतो : त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा केला, संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गायले, गोवामुक्तीच्या लढ्यात उतरले. सगळे खरे आहे. पण तहसील कचेरीत रहिवासी दाखला दाखवावा तसे कवीचे नाव दाखवले की त्याची कविता वाचायचे राहून जाते. प्रश्न विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि आपल्या हातात मात्र कवीऐवजी कागद उरतो. अमर शेख पथकात गेले ते मराठीपण सिद्ध करायला नाही. त्यांना कुणी दाखला मागितला नव्हता. मागितला असता तर तो डफ त्यांच्या हातात टिकला नसता. गिरणीत त्यांच्या शेजारी जो राबत होता त्याच्यासाठी ते गायले, आणि तो शेजारी कोण हे त्यांनी विचारले नाही.

काही जण म्हणतील, पथक पक्षाचे होते. पक्षाचे धोरण फिरले की पथकाची दिशा फिरे. मग एवढे कौतुक कशाला? हा आक्षेप वाजवी आहे. पक्षानेही या कलावंतांचा वापर केला, त्यांच्या म्हातारपणाची तजवीज मात्र केली नाही. अण्णाभाऊंचे अखेरचे दिवस गरिबीत गेले. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आल्यावर ज्या मागणीसाठी पथके पुन्हा उभी राहिली होती ती पुरी झाली, मैदाने रिकामी झाली. अण्णाभाऊ कादंबरीत रमले, अमर शेख कवितेत. 'प्रपंच' या चित्रपटात त्यांनी कामही केले. म्हणजे पथक विरण्यात पक्षाचा आणि यशाचाही वाटा आहे. सगळा दोष मोरारजींच्या माथी मारून चालणार नाही. तुर्कस्तानातही देर्विशान फुटले ते लष्कर येण्यापूर्वीच. मात्र मोगोलारसारखे काही संच पुढे पुन्हा जुळले, १९९३ साली, राखाडी केसांनी. ज्या गोष्टीला संच म्हणून नाव असते तीच पुन्हा जुळू शकते.

आपल्याकडे ते आता वाचकाच्या मनातच जुळवावे लागेल. ते अवघड नाही. अण्णाभाऊंचे वग वाचताना कुठल्या जागी दुसऱ्याचा आवाज चढत असेल, कुठे झीलकरी साथ देत असतील, कुठल्या ओळी एकट्याच्या आणि कुठल्या सगळ्यांच्या, हे पाहत वाचावे. अमर शेखांची कविता अण्णाभाऊंच्या त्याच वर्षातल्या रचनेशेजारी ठेवून वाचावी. गवाणकरांच्या रचना जिथे मिळतील तिथून मिळवून छापाव्यात. त्या कुठल्या वार्षिकाने छापायच्या हा प्रश्न पडत असेल तर याच वार्षिकाने छापाव्यात. बार्शी, लालबाग, माटुंगा इथे ज्यांच्या घरी जुन्या चोपड्या आणि पोवाड्यांच्या आण्याच्या पुस्तिका अजून पेटीत असतील त्यांच्याकडे जावे. पुढच्या संमेलनात अमर शेखांवर परिसंवाद ठेवाल तेव्हा एक खुर्ची अण्णाभाऊंवर बोलणाऱ्यासाठी आणि एक गवाणकरांवर बोलणाऱ्यासाठी मांडावी, आणि निगडीच्या १ ऑगस्टच्या मांडवातही आपण डफ घेऊन जावे. तिथे आपल्याला कुणी बोलावले आहे की नाही, याची वाट पाहू नये.